पोचवणारीची टेस्ट ड्राइव्ह

नवरा पाव पोचवायचा आणि बायको माणसं. यावरून जेवढे विनोद होण्यासारखे होते तेवढे सगळे शहरात होऊन गेले होते, आणि त्यातले निम्मे खुद्द पाववाल्यानेच केले होते. "आमच्याकडे दोन्ही सोयी आहेत," असं तो बेकरीच्या गिऱ्हाइकांना सांगायचा. "माझी गाडी दारात रोज येते, हिची एकदाच." ऐकणारा खो खो हसायचा. पण बायको समोरून येताना दिसली, की तोच माणूस हसू गिळून रस्ता ओलांडायचा.

बायको नगरपालिकेची शववाहिका चालवायची. त्या जागेसाठी दुसऱ्या कुणी अर्जच केला नव्हता आणि हिच्याकडे जड वाहनाचं लायसन्स होतं, म्हणून ती लागली. दोन-तीन वर्षं करू, मग बस मिळाली तर बस घेऊ, असं म्हणता म्हणता तिचे केस पांढरे झाले. लोक तिला पोचवणारी म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर तिला कुणी काहीच म्हणायचं नाही. जिन्यात समोर आली तर माणसं भिंतीला चिकटून वाट द्यायची. कुणाच्या घरी लग्नकार्य असलं तर आमंत्रण पाववाल्याच्या नावाने यायचं आणि "सहकुटुंब" हा शब्द नेमका गळलेला असायचा. एकदा भर उन्हात शेजारीण दोन जड पिशव्या घेऊन चालली होती. हिने आपली जुनी छोटी गाडी थांबवून दार उघडलं. "नको हो," शेजारीण म्हणाली, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." आणि पुढच्या कोपऱ्यावर जाऊन टॅक्सीत बसली.

पोचवणारी चिडकी नव्हती. पण विसरभोळीही नव्हती.

ती निवृत्त झाली त्याच सुमारास पाववाल्याच्या वडिलांची शहराबाहेरची पडीक जमीन नव्या रस्त्यात गेली आणि भरपाईतला त्याचा वाटा हातात आला. बातमी कळताच थोरले दीर घरी हजर. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी सल्ला द्यायला सुरुवात केली. फ्लॅट घ्या, भाड्याने द्या, म्हातारपणी हात पसरायची वेळ येणार नाही. टेबलावर फोन स्पीकरवर ठेवलेला होता, त्यातून परगावची मुलगी म्हणाली, "काकांचं बरोबर आहे हं."

पाववाला पावाच्या कापाला लोणी लावत होता. त्याने काप पुरता माखला, सुरी ठेवली आणि म्हणाला, "जमीन रस्त्यात गेली. पैसेही रस्त्यावरच जाऊ देत. आम्ही गाडी घेतोय."

"गाडी घ्या की. कोण नको म्हणतंय? उंच घ्या, ऐसपैस. हिच्या गुडघ्यांना बरी पडेल."

"सेडान घेणार," पोचवणारी म्हणाली. "स्पोर्ट्स. बुटकी. सुसाट पळणारी."

दीर आधी तिच्याकडे आणि मग भावाकडे पाहत राहिले, कुणीतरी हसेल या आशेने. कुणी हसलं नाही. फोनमधून मुलगी म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्याशी बोलायला लागले, की विचारून सांगते."

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं, हे दिरांना सांगायच्या भानगडीत ती पडली नाही. नवऱ्याला मात्र तिने एकदा मटार सोलता सोलता सांगितलं होतं. सगळी नोकरी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये गेली. मागे माणसं चालत असायची, त्यांच्या पायांच्या गतीने गाडी न्यायची. आपल्या पायाने, आपल्या मनाने तिच्या गाडीत कधी कुणी चढलं नाही. "मला एकदा अशी गाडी चालवायचीय," ती म्हणाली होती, "जिच्यात बसलेला माणूस हसतो." पाववाल्याने त्यावर विनोद केला नव्हता. त्याने उरलेले मटार मुकाट सोलले होते.

पाववाल्याने मग अभ्यास सुरू केला. आजवर मैद्याच्या जातींवर बोलणारा माणूस आता इंजिनांवर बोलायला लागला. चाळून चाळून दोन गाड्या उरल्या: एक निळी, एक करडी. कंपन्या वेगळ्या, शोरूम शहराच्या दोन टोकांना. "आधी निळी बघू," तो म्हणाला. "दोघांनीही चालवायची. मग घरी येऊन भांडायचं."

निळीचं शोरूम म्हणजे सगळी काच आणि गुळगुळीत पांढरी फरशी. पोचवणारीने पायपुसण्यावर दोनदा पाय पुसले. टायवाला सेल्समन लगबगीने आला आणि थेट पाववाल्याशी हात मिळवून म्हणाला, "सर, आपण सध्या काय चालवता?"

"पावाची गाडी."

सेल्समनला वाटलं, साहेब मिश्कील आहेत. तो मनापासून हसला. "आणि मॅडम, तुम्ही मागची सीट बघा ना. पाय ठेवायला काय जागा आहे!"

"बघते," पोचवणारी म्हणाली. "पण नंतर मी पुढे बसणार आहे. स्टिअरिंगपाशी."

आधी पाववाल्याने चालवली. तो आयुष्यभर गरम पाव थंड व्हायच्या आत दुकानांत पोचवत आलेला माणूस. त्याला हळू हा प्रकारच माहीत नव्हता. पहिल्याच वळणावर सेल्समनने दाराच्या वरची कडी पकडली ती शेवटपर्यंत सोडली नाही. "सर, पुढे स्पीडब्रेकर आहे… सर… होता." पाववाला आनंदाने ओरडत होता, "मागे ट्रे नाहीत! काही सांडत नाही!" पोचवणारी मागे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, पाय ठेवायला काय ती जागा असूनही. बाहेर काय चाललंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. तळहात सीटवर पालथा ठेवून ती गाडीचा आवाज अंगात घेत होती.

परत शोरूमसमोर आल्यावर ती उतरली आणि ड्रायव्हरच्या दाराशी गेली. एक पाय आत ठेवला, तेवढ्यात काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आला. त्याने तिला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. तो बदल तिच्या चांगला ओळखीचा होता. माणूसही ओळखीचा निघाला. हिरव्या फाटकाचं घर, त्याचे वडील. त्या दिवशी यानेच पुढे होऊन फाटक उघडलं होतं.

मॅनेजरने सेल्समनला बाजूला बोलावलं. सेल्समन परत आला तो कानापर्यंत लाल होऊन. "मॅडम, ते… गाडी आता सर्व्हिसिंगला लावायची आहे. आम्ही फोन करतो तुम्हाला."

इंजिन अजून गरमच होतं. पोचवणारीने आत ठेवलेला पाय बाहेर काढला आणि दार लावलं. दारं ती नेहमीच हळू लावायची.

घरी आल्यावर पाववाल्याचा पारा चढला. तो स्वयंपाकघरात दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारत होता. "सर्व्हिसिंग! मी चालवेपर्यंत ठणठणीत होती ती गाडी! आत्ता जातो आणि त्या मॅनेजरची कॉलर धरतो."

"बसा. कशी वाटली ते सांगा. तुलना करायचं ठरलं होतं ना?"

"कसली तुलना करतेस आता?"

"मला मागच्या सीटपुरतंच सांगता येईल. आवाज कानात कमी, पाठीत जास्त लागतो. चांगला लागतो. बाकी मला काय माहीत? मी चालवलीच नाही."

"जाऊ दे ती निळी. आपण करडी बघू."

"करडी बघूच," पोचवणारी म्हणाली. "पण निळी मी सोडलेली नाही."

करडीच्या शोरूममध्ये आखूड केसांची एक तरुण सेल्सगर्ल होती. तिने काही विचारायच्या आतच पोचवणारीने सांगून टाकलं, "मी शववाहिका चालवायचे. नगरपालिकेची. काही अडचण असेल तर आत्ताच बोला, म्हणजे चहा तरी वाया जायचा नाही."

मुलीने क्षणभर विचार केला. "म्हणजे ऑटोमॅटिकची सवय नसेल तुम्हाला," ती म्हणाली. "दाखवते. डावा पाय आखडून ठेवायचा, त्याला काही काम नाही. आधी कोण चालवणार?"

"मी," पोचवणारी म्हणाली.

आणि मग जे झालं ते तिच्या स्वप्नातही नव्हतं. गाडी फाटकाबाहेर आली, रस्ता समोर मोकळा होता, आणि गाडी चालली अगदी संथ, सावकाश. मागून पहिला हॉर्न वाजला, मग दुसरा. एक सायकलवाला शेजारून पुढे गेला आणि त्याने वळून गाडीकडे पाहिलं. पोचवणारीचे डोळे राहून राहून आरशाकडे जात होते.

"अगं," पाववाला हळूच म्हणाला, "मागे कुणी चालत येत नाहीये."

तिने गाडी कडेला घेतली. "पाय जात नाही," ती म्हणाली. घरादाराशी वाद घालून ती इथवर आली होती, आणि आता तिचाच पाय दिरांच्या पक्षाला जाऊन मिळाला होता. स्वतःचा तिला असा राग आला, की तिने मांडीवर एक चापटी मारली.

मागच्या सीटवरून सेल्सगर्ल म्हणाली, "इथून डावीकडे बायपास आहे. त्याला फुटपाथच नाही. चालणारं माणूस तिथे औषधालाही सापडायचं नाही."

बायपासला लागल्यावर पोचवणारीने आरशाकडे बघायचं नाही असं ठरवलं, ओठ मिटले आणि पाय दाबला. सीटने तिला मागून ढकललं. कडेची झाडं एकमेकांत मिसळायला लागली. "आई गं!" ती ओरडली. भ्यायल्यासारखी नाही, लहान मूल झोक्यावर ओरडतं तशी. वेगमर्यादेच्या पाटीवरच्या आकड्यापर्यंत तिने काटा नेला आणि तिथेच ठेवला.

पाववाल्याने दाराची कडी पकडली. "हळू! हळू चालव की जरा!"

"काय म्हणालात?"

"हळू म्हणालो!"

"मला?" पोचवणारी म्हणाली. "मला हळू म्हणताय तुम्ही?" आणि ती अशी हसत सुटली, की सेल्सगर्लला पुढे वाकून सांगावं लागलं, मॅडम, समोर बघा.

त्या दिवसापासून घरात ठरल्याप्रमाणे भांडण सुरू झालं. पाववाला करडीवर जीव टाकून बसला होता. "ब्रेक बघितलेस तिचे? आणि आत चिटपाखराचा आवाज नाही. लोण्यासारखी आहे, लोण्यासारखी."

"तेच तर. हाताला काही कळतच नाही. खाली रस्ता आहे की गादी, कोण जाणे."

"रस्ता कळून करायचंय काय?"

"चालवायचंय."

नाश्त्याला तो मिठाची बाटली आणि चहाचा कप घेऊन कुठली गाडी वळणावर कशी झुकते ते टेबलावर दाखवायचा. ती कप त्याच्या हातातून काढून घ्यायची आणि चहा पिऊन टाकायची. "निळी चालवल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही," असं ती दिवसातून तीनदा तरी बोलायची.

मग एका सुट्टीच्या दिवशी तिने कपाटातून नोकरीतला खाकी शर्ट काढला. छातीवरचा नगरपालिकेचा बिल्ला तसाच होता. पाववाला दारात चपला घालत थांबला. "हे कशाला?"

"ओळखायला त्रास नको त्यांना."

निळीचं शोरूम त्या दिवशी गजबजलेलं होतं. माणसं बायकामुलांना घेऊन आली होती, मुलं गाड्यांची दारं उघडझाप करत होती. पोचवणारी सरळ मॅनेजरच्या केबिनशी गेली. "झालं का सर्व्हिसिंग?"

मॅनेजर उठून बाहेर आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, माझं वैयक्तिक काही नाही हो. पण नवी गाडी म्हणजे गिऱ्हाइकांचं मन असतं. तीच गाडी उद्या दुसरं कुणी चालवून बघणार. त्यांना कळलं, की आधी…"

"की आधी काय?"

"जरा हळू बोलाल का?"

"आयुष्यभर हळूच बोलले. तुमच्या दारातही हळूच बोलले होते." तिचा आवाज काही खाली आला नाही. "मी ज्यांना नेलं ते मी नेल्यामुळे गेले नव्हते, साहेब. ते आधीच गेले होते. मी फक्त चालवत होते. त्या दिवशी तुम्ही स्वतः फाटक उघडलंत. तेव्हा माझी गाडी चालली, आज तुमच्या गाडीला माझा हात चालत नाही?"

आजूबाजूची दारांची उघडझाप थांबली होती.

"चावी येईपर्यंत मी इथे बसते," पोचवणारी म्हणाली आणि शोरूमच्या मधोमध असलेल्या पांढऱ्या सोफ्यावर जाऊन बसली. पाववाला तिच्या शेजारी बसला. समोरच्या टेबलावरचं गाड्यांचं रंगीत माहितीपत्रक त्याने उचललं आणि करडीबद्दल त्यात काही आहे का ते शोधू लागला. आत येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी सोफ्यावरच्या खाकी शर्टावर जायची, मग बिल्ल्यावर, मग मॅनेजरच्या केबिनकडे. काही जण तिला ओळखून कुजबुजले. एक कुटुंब बाहेर निघून गेलं. दुसरं मात्र निवांत पांढऱ्या गाडीत शिरून बसलं, त्यांना काही पडलेलं नव्हतं. पोचवणारी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. वाट बघण्यात तिचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं; लोकांच्या दारात, लोकांचं रडणं थांबेपर्यंत, हेच तर तिने केलं होतं.

शेवटी टायवाला सेल्समन चावी घेऊन आला. ती चावी काही माणुसकीपोटी आली नव्हती. सोफा मोकळा व्हावा म्हणून आली होती. पोचवणारीला तेवढं पुरे होतं.

निळीत बसली आणि पहिल्याच चौकात तिला कळलं. रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला सांगून जात होता. बायपासच्या आधीचं लांब वळण तिने एका दमात घेतलं, स्टिअरिंग एकदा वळवलं ते पुन्हा दुरुस्त करावं लागलं नाही. पाववाला मागे गप्प बसला होता. तो गप्प बसला म्हणजे गाडी चांगली होती. सेल्समनने सवयीने कडी पकडली होती. वळण संपता संपता ती सुटली आणि त्याच्या तोंडून हसू फुटलं. लगेच त्याने टाय सारखा केला.

"हीच," घरी आल्यावर पोचवणारी म्हणाली.

"गाडी चांगली आहे, मी नाही म्हणत नाही," पाववाला म्हणाला. "पण त्या माणसाच्या दुकानातून? ज्याने तुला दारातून उतरवलं, त्याच्या हातात आपले पैसे द्यायचे? ती करडीवाली पोरगी बघ. एका शब्दाने तुला दुखावलं नाही तिने. घ्यायची तर तिच्याकडून घेऊ. मी त्या काचेच्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

तो खरंच रागावला होता आणि तिच्यासाठीच रागावला होता, म्हणून तिला बोलायला जड गेलं. पण ती बोललीच. "त्याने मला एकदा उतरवलं. आता त्याच्यापायी मी मला आवडलेली गाडी सोडून दुसऱ्या नंबरची घ्यायची? म्हणजे त्याने मला कायमचंच उतरवलं की. माझा अपमान त्याने केलाय, गाडीने नाही."

पाववाल्याने टेबलक्लॉथचं टोक सारखं केलं. मग म्हणाला, "ब्रेक करडीचेच चांगले आहेत."

"असू देत."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच करडीच्या शोरूममध्ये गेली आणि सेल्सगर्लला तोंडावर सांगितलं. फोनवर सांगणं तिला बरं वाटेना. "तुमची गाडी कमी पडली. तुम्ही नाही." मुलीचा चेहरा पडला, ते तिने लपवलं नाही. "निळीच ना? हल्ली सगळे निळीच घेतात," असं म्हणून तिने जरा तोंड वाकडं केलं. मग दारापर्यंत सोडायला आली.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मॅनेजर अतिशय नम्र होता. बोलताना नजर मात्र तो गाडीच्या बॉनेटवरच ठेवत होता. बाहेर पडायच्या दाराशी भिंतीवर गाडी घेतलेल्यांचे फोटो लावलेले होते. खाली छोट्या पाटीवर कुणाचं काय: डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक, प्राध्यापक. पोचवणारी तिथे थांबली.

"आमचा फोटो?"

"तो काही… सक्तीचा नसतो, मॅडम. बऱ्याच लोकांना आवडत नाही."

"मला आवडतो. या डॉक्टरांच्या शेजारी जागा आहे बघा."

फोटो काढला. पाववाला त्यात डोळे मिटलेला आला, पण दुसरा काढू द्यायला तो तयार होईना. पाटीवर काय घालायचं म्हणून सेल्समनने विचारलं आणि मॅनेजर घाईघाईने म्हणाला, "गृहिणी घाला."

"निवृत्त शववाहिका चालक," पोचवणारी एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "लिहा. र्‍हस्व-दीर्घ सांभाळून लिहा."

सेल्समनने लिहिलं. मॅनेजरकडे न बघता लिहिलं, हे तिने पाहिलं.

फोटो अजून तिथेच आहे. तो काढला तर नाही ना, हे बघायला ती टायरमधली हवा तपासायच्या निमित्ताने अधूनमधून तिकडे जाते. बिल्डिंगमधली मुलं गाडीभोवती घोटाळतात, आणि त्यांच्या आया खिडकीतून त्यांना वर बोलावतात. काही जणी बोलावत नाहीत. थोरले दीर अजून गाडीत बसलेले नाहीत. कंबर दुखते म्हणतात. मुलगी दोन दिवस राहायला आली तेव्हा आधी मागे बसली, मग पुढे, आणि जाताना "मला एकदा चालवायला दे ना" म्हणाली. आईने सांगितलं, "पुढच्या खेपेला बघू."

आठवड्यातून एकदा दोघं बायपासवर जातात. जाताना तो चालवतो, येताना ती. घरापासून निघून पहिला सिग्नल लागला, की पाववाला ब्रेकवर पाय ठेवतो, गाडी थांबते आणि तो मान हलवतो.

"करडी असती तर दोन हात आधीच थांबली असती."

"मग उतरा," पोचवणारी म्हणते, "आणि करडीने या मागून."

तो काही उतरत नाही. दिवा हिरवा होतो आणि पुढच्या सिग्नलपर्यंत दोघं कुणाचं स्टिअरिंग चांगलं यावरून भांडतात.